डेगीतला चहा

गौराबाईच्या माहेरी, बिदरकडे, त्या झाडाला पुंडी म्हणत. लग्न होऊन ती सोनपेठच्या अलीकडच्या या गावात आली तेव्हा आईने तिच्या ओटीत खोबऱ्या-हळकुंडांबरोबर पुंडीचं मूठभर बी घातलं होतं. रोपं हातभर झाली आणि शेजारणींनी निकाल दिला, ही तर अंबाडीच. पण इकडची अंबाडी हिरव्या देठाची, पुरुषभर वाढणारी, वाखासाठी कपाशीच्या कडेने पेरायची. गौराबाईची बुडख्यापासून शेंड्यापर्यंत लाल. म्हणून तिला लाल अंबाडी हे नाव पडलं आणि पुंडी हा शब्द गौराबाईच्या एकटीच्या तोंडात राहिला.

फूल फिकट पिवळं, मधोमध तांबडा डोळा. सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटतं. कपाशीचं, भेंडीचं, जास्वंदीचं फूल याच वळणाचं. गौराबाई शाळेत गेलेली नव्हती, पण ही चारही झाडं एका गोताची असावीत असं तिने पाहून पाहून ठरवलं होतं, आणि ते खरं होतं. फूल गळालं की त्याखालचं लाल दळ मांसल होत जातं आणि आतल्या हिरव्या बोंडाला घट्ट धरून बसतं. उपयोग त्या दळाचा. गाव मात्र सगळ्यालाच बोंड म्हणे. कोणी दारात येऊन बोंडं मागितली की गौराबाई विचारी, "कापसाची का माझी?" हा विनोद वीस वर्षं चालला होता.

फूल गळाल्यापासून आठ-दहा दिवसांनी ती बोंडं खुडायची. दळ उकलून आतला बियांचा गोळा काढायची, दळं दोन दिवस सावलीत आणि मग उन्हात वाळवायची आणि मडक्यात भरून तोंड फडक्याने बांधून ठेवायची. पाच-सहा दळं पेलाभर पाण्यात उकळली की पाणी माणकासारखं लाल होई. खाली उतरवल्यावर गूळ. उन्हाळ्यात ज्यांना लघवीला जळजळ होई, ज्याला आपल्याकडे उन्हाळी लागणं म्हणतात, त्यांना ती दिवसातून तीनदा हे पाणी द्यायची. बहुतेकांना दोन दिवसांत बरं वाटे. उन्हातून आलेल्याची तहान यानेच भागते, जड जेवणानंतर पोट हलकं होतं, एवढंही तिने पाहिलं होतं. खोकल्यावर उपयोग दिसला नव्हता, म्हणून खोकल्याला ती देत नसे. गरोदर बाईला आई देत नसे, म्हणून तीही देत नसे. ते का, हे आईने सांगितलं नव्हतं आणि गौराबाईने आजमावून पाहिलं नव्हतं.

पहिली काही वर्षं ती याला पुंडीचा काढा म्हणे. पण काढा म्हटलं की आजारी माणूस आठवतो. धडधाकट माणसं हात आखडता घ्यायची. मग सोनपेठच्या बाजारात चहाच्या गाड्या येऊ लागल्या. गाडीवाले कर्णा लावून ओरडायचे आणि फुकट कप वाटायचे. पाच वर्षांत अशी गत झाली की पाहुण्याला चहा दिला नाही तर घराची अब्रू गेली. गौराबाईने हे पाहिलं आणि एक दिवस कोणीतरी विचारलं, काय उकळायलीस, तर सरळ सांगितलं, "चहा."

नाव बदललं आणि गिऱ्हाईक बदललं. पैसे ती घेत नसेच. पण आता दुखलं-खुपलं नसतानाही माणसं ओट्यावर टेकायची आणि गौराबाईचा चहा मागायची. तिला ते आवडायचं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, लेक वालूरला दिलेली. मठाची अडीच एकर जमीन ती बटईने करायची आणि त्या जमिनीच्या बांधावरच लाल अंबाडीची वळ, म्हणजे एकेरी ओळ, होती.

ओट्यावर येणाऱ्यांत अवद चाऊश नावाचा एक म्हातारा होता. बाप अरबस्तानातून निजामाच्या फौजेत आलेला, हा स्वतः चावडीवर पहाऱ्याला. पहिल्यांदा त्याने पेला नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग म्हणाला, "अम्मा, इसकू हमारे बाबा करकदे बोलते थे. जद्दे में हबशनां बेचते. गरम बी, ठंडा बी. ये झाड हबशियों के मुलुक का है."

गौराबाईने त्यावर विचार केला. या गावाला हे बी बिदरकडून आलं. तिची आई म्हणे, आमच्याकडे ते तेलंगणातून आलं, तिथे त्याला गोंगुरा म्हणतात. आता चाऊश म्हणत होता समुद्रापलीकडून. जो तो आपल्या पलीकडे बोट दाखवत होता, आणि बोटं सगळी एकाच दिशेला होती. वनस्पतिशास्त्राची पुस्तकंही या झाडाचं मूळ आफ्रिकेतच सांगतात. ते तिथून इकडे कोणाच्या गाठोड्यातून आलं, हे मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही.

फसली तेराशे बावन्नच्या, म्हणजे इंग्रजी बेचाळीस सालच्या, मार्गशीर्षात गावच्या मठात शिवनाम सप्ताह बसला. मठाचा कारभार बसवंतरावांकडे. त्यांचं भुसाराचं दुकान होतं, मोजकं बोलत, आणि गाव त्यांच्या शब्दाबाहेर नव्हतं. दरवर्षी पहाटेच्या वाचनानंतर ते सगळ्यांना साखरेचा चहा पाजत. पण लढाई सुरू होती. साखर परभणीतही मिळेना, चहाची पुडी मिळाली तर तिच्यात निम्मा भुसा. बसवंतरावांनी गौराबाईला बोलावून विचारलं, तुझा चहा सप्ताहाला होईल का. मठातून असं विचारणं तिला आलं नव्हतं कधी. ती हो म्हणाली आणि घरी येऊन दोन्ही मडकी काढून बसली.

पहिले सहा दिवस वीस-पंचवीस माणसं असायची. गौराबाई पहाटे मठाच्या मागच्या चुलीवर आपल्याच दोन मडक्यांत चहा करायची. मठाचे वीरभद्रस्वामी पोथीवरून उठले की पहिला पेला त्यांना. स्वामींचं वय सत्तरीच्या पुढे, आवाज अजून खणखणीत. ते म्हणत, घसा मोकळा होतो. गौराबाई म्हणे, घशाचं मला ठाऊक न्हाई स्वामी, पोटाला बरं हाय.

समाप्तीच्या दिवशी शेजारच्या गावांतून माणसं येणार होती. दोन मडकी पुरणार नव्हती. बसवंतराव म्हणाले, डेग घ्या. त्यांनी वडिलांच्या नावाने मठाला दिलेली ती तांब्याची डेग, काठावर वडिलांचं नाव कोरलेलं. आठवडाभर तीत भात शिजत होता. दर सप्ताहाआधी तिला आतून कल्हई व्हायची, पण कल्हईवाला या वर्षी गावात फिरकलाच नव्हता. सोनपेठच्या बाजारात कोणीतरी त्याला धरलं तर म्हणाला होता, कथील सिंगापूरकडून येतं आणि तिकडं जपान बसलाय, मी काय थुंकी लावून कल्हई करू? भाताला काही झालं नाही, म्हणून तो विषय तिथेच राहिला.

पहाटे एवढं पाणी उकळायला वेळ लागेल म्हणून चहा आदल्या संध्याकाळीच करून ठेवायचं ठरलं. बसवंतरावांच्या बायकोने, भागम्माने, डेग चुलीवर चढवली, गौराबाईने बोंडं आणि गूळ घातला. उकळी आल्यावर झाकण ठेवलं आणि दोघी घरी गेल्या. सकाळी नुसतं गरम करायचं होतं.

सकाळी साठेक माणसं तो चहा प्याली. एक-दोघे म्हणाले, आज चव न्यारी लागायलीय. भागम्मा म्हणाली, गूळ काळा हाय. अर्ध्या घटकेत पहिला माणूस तोंडावर हात धरून उठला. मग दुसरा. मग एकदम सात-आठ. वीरभद्रस्वामी शेवटच्या अध्यायाला बसले होते. ते उठूच शकले नाहीत. कोणीतरी पोथी ओढून घेतली, पण पाटावरच्या वस्त्रावर शिंतोडे उडाले ते उडालेच. दुपारपर्यंत तीस माणसं मठाच्या आवारात पोट धरून पडली होती. संध्याकाळी सगळी उठली, दगावलं कोणी नाही. पण शेवटचा अध्याय वाचायचा राहिला, आणि सप्ताह अपुरा राहणं म्हणजे केवढा अपशकुन हे गावाला सांगावं लागत नव्हतं.

गौराबाईला काहीच झालं नव्हतं. पहाटे घरून निघताना ती रोजच्यासारखा आपल्या मडक्यातला पेलाभर चहा पिऊन आली होती, मठात वाटण्याच्या गडबडीत पुन्हा घेतला नाही. तिच्या दारात चाऊशाने घेतला, तोही ठणठणीत. यातून ती सुटायला हवी होती, ती उलट अडकली. समद्यांला पाजलं अन सोता न्हाई पेली, हे वाक्य दिवस मावळायच्या आत गावभर झालं.

दुसऱ्या दिवशी बसवंतराव तिच्या दारापर्यंत आले, ओट्यावर चढले नाहीत. त्यांचाही चेहरा उतरलेला होता, तेही त्या तिसांतले. म्हणाले, "सोमवारपस्तोर बांधावरली वळ उपटून टाक. न्हाई टाकली तर पाडव्याला रान दुसऱ्याला देतो. मठाच्या जमिनीत इख नगं."

"अप्पा, वीस साल माणसं पेयलीत ते."

"स्वामींनी बी पेलं," ते म्हणाले आणि गेले.

आज गुरुवार होता. गौराबाई बांधावर जाऊन बसली. खालच्या फांद्यांवर बियांसाठी राखलेली बोंडं होती. तिने एक फोडून पाहिलं. बी पांढुरकं, कच्चं. पिकायला तीन आठवडे तरी हवेत. गेल्या वर्षीचं सगळं तिने पेरून टाकलं होतं, घरात एक दाणा नव्हता. आई गेली, माहेरी आता भाऊ कपाशी लावत होता. वळ सोमवारी उपटली तर पुंडी या रानातून कायमची जाणार होती आणि तिच्याबरोबर गौराबाईने गावाला विष पाजलं ही गोष्ट पक्की होणार होती. नाही उपटली तर रान जाणार होतं.

रडायची तिला सवय नव्हती. तिने एकेक गोष्ट बाजूला काढून पाहायला सुरुवात केली. बोंडं तीच, एकाच मडक्यातली, सहा दिवस तीच वापरली. गूळ बसवंतरावांच्या दुकानातला, तोही सात दिवस एकच ढेप. पाणी मठाच्या विहिरीचं. वेगळी होती ती डेग. पण त्याच डेगीतला भात सहा दिवस गावाने खाल्ला, कोणाला ढेकरही वाईट आली नाही. रात्रभर राहिल्याने आंबलं म्हणावं तर थंडी मार्गशीर्षाची. तिच्या घरी उन्हाळ्यातसुद्धा हे पाणी रात्रभर मडक्यात राहतं आणि सकाळी चाऊश ते थंडच पितो. तिला पुढे जाता येईना.

शुक्रवारी ती पाण्याला गेली तेव्हा मठाची भांडी विहिरीवर आली होती. भागम्मा आणि मठात कामाला येणारी कडूबाई राख लावून घासत होत्या. गौराबाईला पाहून दोघींचं बोलणं थांबलं. तिने पोहरा सोडला. भागम्मा तिच्याशी बोलली नाही, पण तिला ऐकू जाईल अशा बेताने कडूबाईला म्हणाली, "बाकी कायबी म्हना, डेग मातर आतून लख्ख निघाली. बिनकल्हईचं तांबं चिंच लावून हात मोडल्याबिगर उजळत न्हाई. ही नुसती इसळली."

गौराबाईने पोहरा तसाच विहिरीत सोडून दिला आणि डेगीजवळ जाऊन आत वाकून पाहिलं. काठाखाली चार बोटं तांबं काळपट तपकिरी होतं, आठवडाभराच्या धुराचं आणि वाफेचं. त्याखाली, जिथपर्यंत चहा होता तिथून तळापर्यंत, डेग नव्या पैशासारखी चमकत होती. मधली रेघ सुताने आखल्यासारखी सरळ.

चिंचेने तांबं उजळतं हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. उजळतं म्हणजे वरचा थर आंबटाबरोबर निघून जातो. चिंच लावली की तो थर राखेच्या पाण्याबरोबर मोरीत जातो. या वेळी तो रात्रभर चहात उतरत राहिला होता. मोरी झाली होती ती गावाच्या पोटांची.

"काकू," गौराबाई म्हणाली, "तुमी तांब्यात ताक ठिवता का?"

भागम्माने तिच्याकडे पाहिलं. "येडी झालीस का? कळकंल न्हाई का ते?"

"अन अंबाडीची भाजी?"

"बिनकल्हईच्या भांड्यात? कोन शिजवील?"

"मग तेरवा डेगीत का घातली?"

भागम्माच्या हातातली राख तशीच राहिली. "भाजी कुठं घातली," ती म्हणाली. "चहा घातला की."

गौराबाई घरी आली. कारण सापडलं होतं आणि तिला बरं वाटायला हवं होतं, पण तसं झालं नाही. बसवंतरावांच्या वडिलांचं नाव असलेली डेग, तिच्यामुळे पोथीपुढे ओकाऱ्या झाल्या, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं. आणि त्याहून अवघड दुसरंच होतं. संध्याकाळी डेगीत बोंडं टाकताना तिने स्वतः आत पाहिलं होतं. कल्हई गेलेली तिला दिसली होती. एरवी तिने ताकाचा थेंब तिथे पडू दिला नसता. पण त्या दिवशी तिच्याही मनात चहा होता, मठातला, बसवंतरावांनी मागितलेला चहा. गूळ घालून घालून आणि चहा म्हणून म्हणून ते पाणी मुळात अंबाडीचं आहे, चिंचेच्या तोडीचं आंबट आहे, हे तिचं तिलाच आठवलं नव्हतं.

नुसतं बोलून कोणी ऐकणार नाही हेही तिला कळत होतं. शनिवारी संध्याकाळी तिने मडक्यात चहा केला. निम्मा मडक्यातच ठेवला, निम्मा घरातल्या जुन्या, आतून काळवंडलेल्या तांब्यात ओतला, बरोबर अर्ध्यापर्यंत. दोन्हींवर झाकण ठेवलं. सकाळी आधी मडक्यातला घोट घेतला. रोजची चव. मग तांब्यातला एक थेंब जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकली. तोंडात पैसा धरल्यासारखं वाटलं, आणि ती चव दोनदा चूळ भरूनही जाईना.

रविवारी दुपारी ती बसवंतरावांच्या ओसरीवर गेली. वीरभद्रस्वामी तिथेच होते, राहिलेल्या अध्यायाचं काय करायचं याचं बोलणं चाललं होतं. भागम्मा दाराआड उभी होती. गौराबाईने शरणार्थ म्हणून नमस्कार केला आणि मडकं आणि तांब्या दोन्ही खाली ठेवले.

"हे काय आनलंस?" बसवंतरावांनी विचारलं.

तिने सांगितलं. चहा एकच, रात्र एकच, भांडी दोन. मडक्यातला पेलाभर ओतून घेतला आणि सगळ्यांसमोर प्याली. मग तांब्या अंगणात रिकामा केला, आतून पाण्याने विसळला आणि बसवंतरावांच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हाकडे धरला. अर्ध्यावर काळा, अर्ध्याखाली उजळ. मधली रेघ त्यांनी अंगठ्याने पुसून पाहिली. पुसली गेली नाही.

"डेगीत बी अशीच हाय," दारातून भागम्मा म्हणाली. कोणी तिला विचारलं नव्हतं.

बसवंतरावांनी तांब्या उलटा करून तळ पाहिला. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजी माझ्या बापाच्या डेगीनं इख पाजलं."

गौराबाईने रात्रभर या वाक्याची वाट पाहिली होती. "डेगीत इख न्हाई अप्पा. सहा दिस भात खाल्ला की समद्यांनी. अन बोंडांत बी न्हाई, ते मी आत्ता पेले. दोघाला रातभर एका जागी कोंडलं, ही चूक. अन ती माझी हाय."

"तुझी कशी?"

"हे पानी आंबट. अंबाडी म्हनलं असतं तर काकूनं डेगीला हात लावू दिला नसता. मीच त्याला चहा म्हनले. मान मिळावा म्हनून म्हनले. अन मीच भुलले."

 मग वीरभद्रस्वामी हसले. चार दिवसांत पहिल्यांदाच. "चहा आमाला लय महागात पडला," ते म्हणाले. "पयला साखर न्हाई म्हनून, अन मग नाव हाय म्हनून." त्यांनी मडक्याकडे पाहिलं. गौराबाईने पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. "पटलंय मला," ते म्हणाले, "पन पोटाला पटायला टाइम लागंल."

बसवंतरावांनी तांब्या खाली ठेवला आणि दाराकडे न बघता म्हणाले, "कल्हई होईस्तोर डेगीत भाताबिगर कायबी घालू नका. चिंच न्हाई, ताक न्हाई." मग स्वामींना म्हणाले, राहिलेला अध्याय उद्या सोमवारीच वाचून टाकू, शिधा माझ्याकडून.

एवढ्यावर बोलणं संपलं असं त्यांना वाटलं. गौराबाई उठली नाही. "मग माझी वळ?" तिने विचारलं.

"बांध तू राखतीस," बसवंतराव म्हणाले. "मला काय इचारतीस?"

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि तिने ते म्हणवून घेतलं नाही. सोमवारी मठात शेवटचा अध्याय झाला. वळ उभी राहिली. तीन आठवड्यांनी बोंडं वाळून तडकायला लागली तेव्हा गौराबाईने बी काढलं आणि या वेळी त्याचे दोन भाग केले. एक घरात ठेवला, दुसरा वालूरला लेकीकडे पाठवून दिला.

गाव मात्र लगेच परत आलं नाही. कारण ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, डेग पाहायला बायका मठात मुद्दाम येऊन गेल्या होत्या. तरी पौष, माघ, फाल्गुन गौराबाईच्या ओट्यावर चाऊश एकटाच टेकत होता. तो म्हणे, "अच्छा है अम्मा, भीड नहीं." गौराबाईला त्यात काही अच्छा दिसत नव्हतं. पण ती लोकांना बोलवायला गेली नाही. कोणी विचारलंच तर आता ती चहा म्हणत नसे. अंबाडीचं आंबट पाणी, असं पूर्ण म्हणे, आणि लोक तोंड वाकडं करायचे ते करू द्यायची.

चैत्रात ऊन चढलं. एका सकाळी भागम्मा मागच्या दाराने आली. इकडचं तिकडचं बोलली, पाडव्याला रान गौराबाईकडेच राहिलं यावर बोलली, उन्हावर बोलली. मग पदर सावरत म्हणाली, "घरच्या मान्साला उन्हाळी लागलीय. तीन दिस झाले. सांगनार न्हाईत कोनाला, पन बसता उटता येत न्हाई."

गौराबाईने फळीवरचं मडकं खाली घेतलं, फडकं सोडलं आणि दळं ओंजळीत काढली. देता देता तिचा हात थांबला.

"कशात उकळनार?"

"मडक्यात."

"अन उरलं तर कशात ठिवनार?"

"मडक्यातच की, बाई."

"त्येंना पेयला कशात देनार?"

भागम्माने कंबरेवर हात ठेवले. घरात बसवंतराव चांदीच्या पेल्याशिवाय काही पीत नसत, हे सगळ्या गावाला माहीत होतं. "तू सांग," ती म्हणाली.

 चांदीत या आंबटाचं काय होतं हे गौराबाईने कधी पाहिलं नव्हतं. जे पाहिलं नाही ते सांगायचं नाही, म्हणून तिने कोनाड्यातला एक मातीचा पेला काढला, पदराने पुसला आणि दळांबरोबर भागम्माच्या हातात दिला.